यूएसबी-पॅरलल केबल लावूनही जुना डॉस प्रोग्रॅम डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापत नाही

प्रश्न | विचारणारे: पावतीपुस्तक

सर्व जाणकारांना नमस्कार.

आमच्या छोट्या संस्थेत रुंद कॅरेजचा एक जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे. तीन प्रतींच्या सलग कागदावर तो एका दमात पावती छापतो, वरच्या प्रतीइतकीच तिसरी प्रतही वाचता येते, आणि एवढ्या वर्षांत रिबन बदलण्यापलीकडे त्याने आमच्याकडून काही मागितलेले नाही. त्याला पाठीमागे जोडणीची एकच जागा आहे: ३६ संपर्कांची, दोन्ही बाजूंना तारेच्या कड्या असलेली ती जुनी पॅरलल जागा. हिशेबाचा प्रोग्रॅम डॉसच्या काळातला आहे. जुना संगणक बंद पडल्यावर नवा घेतला, तंत्रज्ञाने या प्रोग्रॅमसाठी त्यावर मुद्दाम ३२-बिट विंडोज १० टाकून दिले, आणि केबल जोडण्याच्या वेळी लक्षात आले की या संगणकाला पॅरलल पोर्टच नाही.

तेव्हापासून जे चालले आहे त्यात एकाचा पायपोस एकाच्या पायात नाही. पहिल्यांदा मिळालेल्या यूएसबी केबलचे दुसरे टोक २५ छिद्रांचे होते, ते प्रिंटरला बसणे शक्यच नव्हते. मग जुनी केबल वापरता येईल म्हणून २५ पिनांचाच दुसरा कन्व्हर्टर आणला. त्याचे टोक आणि केबलचे टोक दोन्ही मेल (पिनांचे) निघाल्यामुळे मधे जोडायला दोन्हीकडून फीमेल (छिद्रांचा) असलेला छोटा तुकडा घेतला. सगळे व्यवस्थित बसले, स्क्रूही आवळले गेले, पण प्रिंटर हलला नाही. तो कन्व्हर्टर सीरियलचा आहे, हे मला त्याच्या वेष्टनावरचे बारीक अक्षर भिंगातून वाचल्यावर कळले. शेवटी थेट ३६ संपर्कांचे टोक असलेली यूएसबी केबल मिळाली. ती लावल्यावर विंडोजने प्रिंटर ओळखला, नोटपॅडमधून चाचणीचे पानही निघाले, फक्त फार हळू आणि एकेक ओळ दोन-दोनदा घासून. पण ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला तो हिशेबाचा प्रोग्रॅम मात्र "प्रिंटर तयार नाही" एवढेच सांगून थांबतो.

प्रिंटर चांगला आहे, केबल योग्य आहे, विंडोज छापते आहे, मग नेमके अडते कुठे? आणि मधल्या त्या सीरियल प्रकाराने प्रिंटरला इजा तर झाली नसेल ना, ही धास्ती वेगळीच. हा प्रिंटर भंगारात टाकण्याची माझी अजिबात इच्छा नाही.


उत्तर १ | तारजोड

नमस्कार. आधी तुमची धास्ती, कारण मला स्वतःला तीच सर्वांत महत्त्वाची वाटली.

२५ पिनांचे टोक दिसले म्हणजे ते प्रिंटरचे, असा समज होणे स्वाभाविक आहे. हा घोळ तुमचा नाही, तो चाळीस वर्षांहून जुना आहे. ३६ संपर्कांची जागा सेंट्रॉनिक्स कंपनीच्या १९७० सालच्या प्रिंटरपासून रूढ झाली. आयबीएमने १९८१ साली आपला पीसी आणला तेव्हा संगणकाच्या बाजूला तेवढे मोठे टोक न घेता २५ पिनांचे टोक घेतले, आणि त्याच आकाराचे टोक सीरियल जोडणीसाठीही आधीपासून वापरात होते. फरक एवढाच ठेवला की संगणकावरची सीरियल जागा मेल आणि पॅरलल जागा फीमेल. पुढे ॲपलच्या मॅकिन्टॉश प्लस संगणकावर हेच २५ छिद्रांचे फीमेल टोक स्कझीसाठी, म्हणजे हार्ड डिस्कसारखी उपकरणे जोडण्याच्या पद्धतीसाठी, आले, म्हणजे तिसरी भाषा बोलणारी जागाही दिसायला पॅरललसारखीच झाली. मेल-फीमेलचा हा फरक हीच काय ती राखण होती, आणि तुम्ही मधे घातलेल्या छोट्या तुकड्याने नेमकी तीच काढून टाकली. असे तुकडे सर्रास मिळतात आणि त्यांच्यावर कसलाही इशारा नसतो, याचा मला मनापासून राग येतो.

आता त्या जोडणीत काय झाले ते पाहा. पॅरललमध्ये २ ते ९ या आठ पिनांवर एका अक्षराचे आठ बिट एकाच वेळी ठेवले जातात, आणि त्यांची पातळी शून्य ते ५ व्होल्ट असते. सीरियलमध्ये, म्हणजे आरएस-२३२ मध्ये, २ क्रमांकाच्या पिनेवरून एकामागून एक बिट जातात आणि तिथली पातळी उणे व अधिक अशा दोन्ही बाजूंना ३ ते १५ व्होल्ट असू शकते. काही पाठवले जात नसतानाही ती पिन उणे पातळीवर असते. म्हणजे तुमच्या प्रिंटरच्या पहिल्या डेटा तारेवर तो सारा वेळ उणे व्होल्ट उभे होते. शिवाय सीरियलची ग्राउंड ७ क्रमांकाच्या पिनेवर असते, तर पॅरललमध्ये ती पिन डेटाची आहे. उलट पॅरललच्या १८ ते २५ या ग्राउंडच्या पिना आहेत, आणि त्यांतल्या २० क्रमांकाच्या पिनेवर सीरियल आपला "मी तयार आहे" हा संकेत ठेवते. कन्व्हर्टर यूएसबीवर चालणारे असल्याने त्यातून मिळणारा विद्युतप्रवाह तुटपुंजा असतो, आणि त्यानंतर चाचणीचे पान सरळ निघाले आहे, त्यामुळे जिवावरचे बोटावर निभावले असे मी म्हणेन. तरीही खात्री करून घ्या.

ती अशी. प्रिंटर बंद करा, लाइन फीड आणि फॉर्म फीड ही दोन्ही बटणे दाबून धरा आणि तशीच धरून प्रिंटर सुरू करा. पुष्कळ डॉट मॅट्रिक्स प्रिंटर यामुळे हेक्स डंप नावाच्या अवस्थेत जातात. तुमच्या प्रिंटरची बटणे वेगळी असतील तर त्याच्या पुस्तिकेत पाहा. या अवस्थेत केबलमधून आलेले प्रत्येक अक्षर प्रिंटर त्याच्या आकड्यासह कागदावर मांडतो. रोमन लिपीतील पहिले चार मोठे वर्ण पाठवले तर ४१, ४२, ४३, ४४ असे छापून आले पाहिजे. पहिली डेटा तार निकामी होऊन शून्यावर अडकली असेल तर ४१ च्या जागी ४० आणि ४३ च्या जागी ४२ येईल. नुसती सेल्फ टेस्ट करून थांबू नका, कारण ती प्रिंटरच्या आतल्या आत होते आणि केबलच्या जागेविषयी काहीच सांगत नाही. आणि पॅरलल केबल काढताना-लावताना प्रिंटर व संगणक दोन्ही बंद ठेवा, ती यूएसबीसारखी चालू यंत्राला जोडण्याची जोडणी नव्हे.

आता मूळ प्रश्न. तुमची तिसरी केबल बरोबर आहे, पण ती संगणकाला पॅरलल पोर्ट देत नाही. ती विंडोजला सांगते की "माझ्या टोकाला एक यूएसबी प्रिंटर आहे", आणि विंडोज त्याच्यासाठी यूएसबी००१ या नावाचे एक आभासी पोर्ट तयार करते. विंडोजचे प्रोग्रॅम ड्रायव्हरमार्फत तिथवर पोचतात. तुमच्या डॉस प्रोग्रॅमला मात्र एलपीटी१, म्हणजे पहिले पॅरलल पोर्ट, हे एकच दार ठाऊक आहे, आणि त्या दारामागे आता काहीच नाही.

हे दार विंडोजकडूनच परत उभारता येते. प्रिंटर शेअर करा आणि शेअरचे नाव आठ अक्षरांच्या आत, मधे जागा न सोडता द्या. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट यूज ही आज्ञा, तिच्यापुढे एलपीटी१, मग दोन बॅकस्लॅश देऊन संगणकाचे नाव, एक बॅकस्लॅश देऊन शेअरचे नाव आणि शेवटी पर्सिस्टंट यस हा पर्याय, असे सारे अर्थातच रोमन लिपीत लिहा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडू नका. तसे केल्यास ही जोडणी ॲडमिनिस्ट्रेटरच्या सत्रापुरती राहते, प्रोग्रॅम साध्या सत्रात चालतो, आणि सगळे बरोबर करूनही कागद कोरा राहतो. माझी स्वतःची एक अख्खी दुपार या एका गोष्टीने खाल्ली आहे. संगणक कोणत्याच नेटवर्कवर नसेल तर मायक्रोसॉफ्टचे लूपबॅक ॲडॉप्टर (आभासी नेटवर्क कार्ड) आधी बसवावे लागू शकते.


उत्तर २ | लोखंडीपेटी

तारजोड यांनी सांगितलेला मार्ग चालतो, हे मी नाकारत नाही, पण रोज पावत्या फाडणाऱ्या संस्थेने त्याच्यावर विसंबावे असे मला वाटत नाही. त्यात केबलमधील चिप, यूएसबी, शेअरिंग आणि नेट यूज अशी चार माणसे एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत. शिवाय काही प्रिंटर-केबलींना स्वतःचा अनुक्रमांक नसतो, त्यामुळे सफाईच्या वेळी कोणी ती काढून शेजारच्या यूएसबी जागेत लावली की विंडोज तिला नवाच प्रिंटर समजते, "कॉपी १" अशा नावाची दुसरी नोंद करते, आणि तुमची जुनी शेअरची वाट मेलेल्या प्रिंटरकडे जात राहते.

संगणकाच्या पेटीत पीसीआय एक्स्प्रेसची एक जागा मोकळी असेल तर पॅरलल पोर्टचे कार्ड बसवा. ते खरेखुरे पोर्ट देते, डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याला एलपीटी१ हे नाव देता येते, आणि तुमची जुनी २५-ते-३६ केबल कोणत्याही तुकड्याशिवाय लागते. घेण्यापूर्वी पेटीची उंची मोजा. बारक्या पेट्यांना निम्म्या उंचीची पट्टी लागते आणि ती कार्डासोबत असतेच असे नाही, म्हणजे पुन्हा "बसत नाही" हे शब्द ऐकायची पाळी. एक गोष्ट मान्य करतो: जुन्या मदरबोर्डवरचे पहिले पॅरलल पोर्ट ३७८ हेक्स या ठरलेल्या पत्त्यावर असायचे, नव्या कार्डाला संगणक देईल तो पत्ता मिळतो. प्रोग्रॅम एलपीटी१ या नावाने छापत असेल तर याने बिघडत नाही, थेट पत्त्यावर लिहिणारा असेल तर बिघडू शकते. एखादी छोटी मजकुराची फाइल कॉपी आज्ञेने एलपीटी१ कडे पाठवून पाहा. ती छापली आणि प्रोग्रॅम तरीही अडला, तर दोष प्रोग्रॅमच्या सवयीत आहे असे समजा.

नोटपॅडचे पान हळू निघते त्याचे कारण केबल नव्हे. ड्रायव्हर अक्षरांचे चित्र करून पाठवतो आणि सुया ते चित्र ठिपक्या-ठिपक्याने रंगवतात. जेनेरिक टेक्स्ट ओन्ली हा ड्रायव्हर निवडलात तर प्रिंटर स्वतःच्या आतले अक्षर वापरील आणि तुमच्या ओळखीचा तो जुना वेग परत येईल. देवनागरी मजकूर मात्र बहुतेक अशा प्रिंटरांवर चित्र म्हणूनच जातो, कारण त्यांच्या आत ती अक्षरे नसतात. तिथे संथपणा सोसावाच लागेल.


उत्तर ३ | साधीशाई

मी थोडा वेगळा अनुभव सांगते, कारण "जाऊ द्या, नवा लेझर प्रिंटर घ्या" असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देणारच आणि तो ऐकण्याआधी हे माहीत असलेले बरे.

मी तसे केले होते. नव्या प्रिंटरला चौकोनी यूएसबी जागा होती, केबल त्याच्या खोक्यात नव्हती, आणि माझ्या लॅपटॉपला फक्त टाइप-सी जागा होत्या, त्यामुळे पहिला दिवस योग्य टोके जमवण्यातच गेला. वाय-फायवर जोडू म्हटले तर प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यावर बोलत होता आणि घरातले राउटर दोन पट्ट्यांना दोन नावे देऊन बसले होते. तेही सुटले. पण डॉसच्या प्रोग्रॅमने पाठवलेला साधा मजकूर त्या प्रिंटरला कळलाच नाही. त्या प्रकारच्या प्रिंटरात अक्षरे नसतात, एपसनची ईएससी/पी किंवा एचपीची पीसीएल यांसारखी छपाईची भाषाही नसते. पानाचे संपूर्ण चित्र संगणकाने तयार करून द्यायचे आणि प्रिंटरने ते फक्त कागदावर उतरवायचे, अशी त्यांची रचना असते. वायर बसली, नाव दिसले, दिवा हिरवा झाला आणि तरीही बोलणे झाले नाही. आणि तीन प्रतींचे काय? लेझरला कागदावर आघातच करायचा नसतो, म्हणून कार्बनची खालची प्रत कोरीच राहते.

म्हणून नवा घ्यायचाच झाला तर जोडणीच्या टोकाआधी त्याला कोणती भाषा येते ते विचारा. आजही पॅरलल आणि यूएसबी अशा दोन्ही जागा असलेले डॉट मॅट्रिक्स प्रिंटर तयार होतात. तुमचा प्रिंटर चांगला असताना मात्र मी तरी त्याला हलवले नसते.


प्रश्नकर्त्याचे उत्तर | पावतीपुस्तक

तिघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी सगळे बंद करून शांतपणे बसलो.

हेक्स डंप सुरू झाला. केबलमधून चार वर्ण पाठवले आणि कागदावर ४१ ४२ ४३ ४४ उमटले, त्यापुढे ०डी आणि ०ए, म्हणजे ओळ संपल्याच्या खुणा. तो कागद फाडून मी फाइलीत लावून ठेवला आहे. इतके दिवस मनावर असलेले ओझे त्या चार आकड्यांनी उतरवले, हे लिहिताना मला संकोच वाटत नाही.

पेटी बारकी असल्यामुळे आणि त्यात मोकळी जागाच नसल्यामुळे कार्डाचा मार्ग खुंटला. म्हणून जेनेरिक टेक्स्ट ओन्ली ड्रायव्हर घातला, प्रिंटर शेअर केला आणि नेट यूज केले. पहिल्या वेळी अगदी सांगितलेलीच चूक केली, प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला होता. दुसऱ्या वेळी पावती निघाली, पूर्वीच्याच वेगाने आणि तिन्ही प्रतींवर. फक्त एक गोष्ट खटकते: छापण्याची आज्ञा दिल्यावर पंधरा-एक सेकंद काहीच होत नाही, मग एकदम पावती येते. समोर माणूस उभा असतो, त्यामुळे कारकुनाला वाटते की आज्ञा गेली नाही, तो पुन्हा दाबतो, आणि एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या निघतात. हिशेबाच्या दृष्टीने हे चालण्यासारखे नाही. शिवाय ३२-बिट विंडोज १० किती दिवस टिकवायचे, हा प्रश्न आहेच.


उत्तर ४ | तारजोड

हेक्स डंपचे वाचून फार बरे वाटले.

पंधरा सेकंदांचे कारण असे की डॉसचा प्रोग्रॅम "माझे छापून झाले" असे विंडोजला सांगत नाही, तो फक्त अक्षरे पाठवायची थांबतो. काम संपले की नाही हे ठरवण्यासाठी विंडोज काही काळ वाट पाहते आणि तो काळ मुळात पंधरा सेकंदांचा असतो. रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, लोकल मशीनखाली सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल आणि मग डब्ल्यूओडब्ल्यू या कप्प्यात एलपीटी टाइमआउट नावाची नोंद असते, तिचे मूल्य कमी करा. आधी रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवा. अगदी एकावर आणू नका, कारण प्रोग्रॅम हिशेब करताना मधेच सेकंदभर थांबला तर एक पावती दोन तुकड्यांत जाईल. बदल केल्यावर संगणक पुन्हा सुरू करा.

विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टने दिलेला नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. ६४-बिट विंडोज डॉसचे प्रोग्रॅम स्वतः चालवत नाही, त्यामुळे संगणक बदलला की हा रस्ता पूर्ण बंद होईल. तोवर हे यंत्र इंटरनेटपासून तोडून ठेवा. दरम्यान व्हीडॉस किंवा डॉसबॉक्स-एक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमांपैकी एकात तुमचा प्रोग्रॅम चालवून पाहण्याची तयारी करा. दोन्ही ६४-बिट विंडोजवर चालतात आणि दोन्हींत एलपीटी१ कडे गेलेला मजकूर विंडोजच्या प्रिंटरकडे वळवण्याची सोय आहे. चाचणी हिशेबाच्या मूळ फाइलींवर करू नका, त्यांची प्रत घेऊन तिच्यावर करा.


प्रश्नकर्त्याचे उत्तर | पावतीपुस्तक

मूल्य चारवर ठेवले. आज दिवसभरात एकही पावती दोनदा निघाली नाही आणि एकही मधे तुटली नाही. लोखंडीपेटी यांच्या इशाऱ्यावरून यूएसबीच्या त्या जागेभोवती लाल चिकटपट्टी लावून "ही केबल इथून हलवू नये" असे लिहिले आहे. दोन फीमेल टोकांचा तो तुकडा सीरियल कन्व्हर्टरसह कपाटात बंद केला, आणि त्या पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिले की हे प्रिंटरचे नव्हे.

व्हीडॉस रविवारी फाइलींच्या प्रतीवर चालवून पाहणार आहे. पहिले पान हेक्स डंपमध्येच काढतो आणि पावतीच्या मधल्या आडव्या रेषांचे आकडे आजच्या छपाईशी जुळतात का, ते इथे कळवतो.